यंत्रास दुरून दिलेला पहिला आदेश



ग्रामपंचायतीच्या कार्यालयातील संगणक सकाळी सुरू केला म्हणजे पडद्यावर काही अक्षरे चमकून जातात आणि थोड्याच वेळात काम करण्यास यंत्र सिद्ध होते. या अल्प अवधीत यंत्राने एक महत्त्वाचा निर्णय घेतलेला असतो. ज्या कार्यप्रणालीच्या आधारे दिवसभर काम चालावयाचे, ती कोठून उचलावी, हा तो निर्णय होय. स्वतःच्या आतील तबकडीवरून, बाहेरून जोडलेल्या एखाद्या साठ्यावरून, की तारेने जोडलेल्या दुसऱ्या संगणकाकडून? यंत्र समोर असेल तर हा प्रश्न कळफलकावरील एखादी कळ दाबून सुटतो. परंतु एका बंद दालनात शेकडो संगणक कपाटांतून रचून ठेवले आहेत, त्यांना पडदा नाही, कळफलक नाही, आणि त्यांची देखभाल करणारा तंत्रज्ञ दुसऱ्या शहरात आहे, अशा वेळी काय करावयाचे? या यंत्रांनी पुढच्या खेपेस कोठून जागे व्हावे, हे दुरून कसे ठरविले जाते आणि त्यात कोणती जबाबदारी असते, याचा विचार आज करावयाचा आहे.

हा विषय केवळ तंत्रज्ञांचा आहे, असे प्रथमदर्शनी वाटेल. वस्तुस्थिती तशी नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील 'अर्क' हा महासंगणक सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्राला अर्पण करण्यात आला. त्याची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप इतकी आहे. एक पेटाफ्लॉप म्हणजे एका सेकंदात एकावर पंधरा शून्ये इतक्या आकडेमोडी. मे २०२५ मध्ये सुरू झालेली 'भारत फोरकास्ट सिस्टीम' ही हवामान-अंदाजाची पद्धती याच संस्थेत विकसित झाली. पूर्वी बारा किलोमीटरच्या चौकटीवर होणारा अंदाज तिच्यामुळे सहा किलोमीटरच्या चौकटीवर होऊ लागला आणि पावसाचा अंदाज पंचायतीच्या पातळीपर्यंत नेण्याचा मार्ग त्यामुळे सुकर झाला. पेरणी करावी की चार दिवस थांबावे, या शेतकऱ्याच्या प्रश्नाचा धागा अशा रीतीने एका बंद दालनातील यंत्रांशी जोडला गेला आहे. जमिनीचे उतारे, शिष्यवृत्त्या, शाळांचे निकाल, रुग्णालयांच्या नोंदी हे सारे आज संगणकांवर असते. ती यंत्रे नीट जागी होणे ही सार्वजनिक सोयीचीच बाब आहे.

जागे होण्याची रीत

वीज मिळताच संगणकाला प्रारंभी फारच थोडे कळते. त्याच्या मुख्य फलकावर एक छोटी आज्ञावली कायमची कोरलेली असते. तिचे काम एवढेच की, यंत्राचे भाग जागेवर आहेत की नाहीत ते पाहावे आणि मोठी कार्यप्रणाली जेथे ठेवली असेल तेथून ती उचलून स्मृतीत आणावी. या क्रियेला इंग्रजीत 'बूट' म्हणतात. हा शब्द 'बूटस्ट्रॅप' म्हणजे बुटाचा पट्टा यावरून आला. स्वतःच्या बुटाचा पट्टा ओढून स्वतःलाच वर उचलावे, तसे हे काम आहे, अशी त्यामागील कल्पना.

जागे होण्याचे ठिकाण निवडण्याची सोयही आजची नाही. आयबीएम कंपनीने १९५२ मध्ये जाहीर केलेल्या ७०१ या संगणकावर 'लोड' नावाचे एक बटण होते आणि त्याच्या जोडीला निवडीची एक कळ होती. ही कळ ज्या बाजूला फिरविली असेल त्यानुसार यंत्र आपला पहिला शब्द छिद्रांच्या पत्त्यावरून, चुंबकीय फितीवरून किंवा चुंबकीय पिंपावरून वाचीत असे. निवड करणारा माणूस यंत्रासमोर उभा असे आणि कळ कोणत्या बाजूला आहे हे त्याला डोळ्यांनी दिसत असे. पुढील काळात कळ राहिली, पण माणूस दूर गेला. आजच्या साऱ्या अडचणींचे मूळ या दुराव्यात आहे.

एकाऐवजी अनेक

माणूस दूर जाण्याचे कारण यंत्रांची संख्या वाढली हे होय. एक अवाढव्य यंत्र बांधण्यापेक्षा अनेक लहान यंत्रांना एकत्र जुंपून मोठे काम करून घ्यावे, हा विचार १९८० नंतर बळावला. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या 'सी-डॅक' या संस्थेने १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध केला, तोही अनेक प्रक्रियकांना एकत्र काम करावयास लावण्याच्या तत्त्वावरच. १९९४ मध्ये अमेरिकेच्या नासा संस्थेच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी बाजारात सहज मिळणारे सोळा संगणक तारांनी जोडून 'बेवुल्फ' नावाचा समूह उभा केला. साध्या यंत्रांतून महासंगणकासारखे काम काढता येते, हे त्यातून दिसून आले आणि संगणकसमूहांची पद्धत जगभर रूढ झाली.

सोळा यंत्रे असली तर एक माणूस फिरून प्रत्येकाची कळ दाबू शकेल. सोळाशे असली तर ते शक्य नाही. शिवाय अशा दालनात थंड हवेचा झोत आणि पंख्यांचा आवाज अखंड चालू असतो. तेथे माणसाने शक्य तितके कमी जावे, हेच इष्ट. म्हणून प्रत्येक यंत्राच्या आतच एक रखवालदार बसविण्यात आला.

आतला रखवालदार

या रखवालदाराचे नाव 'बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर'. सोयीसाठी आपण त्याला देखरेख-नियंत्रक म्हणू. मुख्य फलकावर बसविलेला हा एक स्वतंत्र, छोटा संगणकच असतो. मुख्य यंत्र बंद असले तरी त्याच्या तारेतून वीज येत असेल तोवर हा नियंत्रक जागा राहतो. बहुधा त्याची जाळ्याची जोडणीही वेगळी असते. पंख्यांची गती आणि आतील तापमान मोजणे, यंत्र चालू किंवा बंद करणे आणि पुढच्या खेपेस कोठून जागे व्हावे हे यंत्राला सांगणे, ही त्याची कामे. मुख्य कार्यप्रणाली कोलमडून पडली तरी हा शुद्धीवर असतो. त्यामुळे बिघडलेल्या यंत्राशी बोलण्याचा एक मार्ग शिल्लक राहतो.

प्रत्येक उत्पादकाच्या रखवालदाराची भाषा वेगळी असती तर मोठाच गोंधळ उडाला असता. म्हणून इंटेल, ह्युलेट-पॅकार्ड, एनईसी आणि डेल या कंपन्यांनी १९९८ मध्ये 'आयपीएमआय' हे समान मानक प्रसिद्ध केले. त्याची दुसरी आवृत्ती २००४ मध्ये आली. पुढे २०१५ मध्ये 'डीएमटीएफ' या मानक-संस्थेने 'रेडफिश' हे नवे मानक आणले. त्यात आज्ञा आणि उत्तरे वाचता येतील अशा मजकुराच्या स्वरूपात, सांकेतिक आवरणातून जातात.

तंत्रज्ञापुढे साधारणतः चार वाटा असतात. यंत्राने आपल्या तबकडीवरून जागे व्हावे, जाळ्यावरून व्हावे, सीडी किंवा तत्सम साधनावरून व्हावे, अथवा यंत्राच्या मूळ मांडणीच्या पडद्यावर थांबावे. आयबीएममध्ये १९९९ मध्ये सुरू झालेल्या 'एक्सकॅट' या समूह-व्यवस्थापनाच्या साधनसंचात यासाठी 'आरसेटबूट' नावाची आज्ञा आहे. तिला दोनच गोष्टी सांगावयाच्या असतात : कोणती यंत्रे आणि कोणती वाट. काहीही न बदलता सध्या काय ठरले आहे एवढेच विचारण्याची सोयही तिच्यात आहे. या विचारण्याचे महत्त्व पुढे दिसेल.

जाळ्यावरून जागे होण्याची वाट विशेष उपयोगाची आहे. या पद्धतीला 'पीएक्सई' म्हणतात. तीत यंत्र जागे होताच जाळ्यावर विचारणा करते. जाळ्याच्या जोडणीला कारखान्यातच दिलेला बारा चिन्हांचा क्रमांक ही त्याची ओळख असते. मध्यवर्ती संगणक ती ओळख पाहून त्याला पत्ता देतो आणि कोणती धारिका कोठून उचलावी ते सांगतो. यंत्र ती धारिका आणते आणि तिच्या आधारे पुढचे काम सुरू करते. नव्या यंत्रावर कार्यप्रणाली बसविणे, बिघडलेल्या तबकडीची तपासणी करणे, जुनी व्यवस्था पुसून नवी मांडणे, ही कामे यंत्राला हात न लावता होतात ती यामुळेच.

एका खेपेचा आदेश आणि स्थायी आदेश

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. शासनव्यवहारात तात्पुरता आदेश आणि स्थायी आदेश यांतील भेद सर्वांना ठाऊक आहे. एखाद्या अधिकाऱ्याकडे आठ दिवसांसाठी दिलेला कार्यभार आठ दिवसांनी संपला पाहिजे. तो संपविण्यास कोणी विसरले, तर गोंधळ अटळ असतो. संगणकाच्या बाबतीतही नेमका हाच भेद आहे.

समजा, एका यंत्रावर नवी कार्यप्रणाली बसवावयाची आहे. तंत्रज्ञाने त्याला 'जाळ्यावरून जागे हो' असे सांगितले. यंत्र जागे झाले, मध्यवर्ती संगणकाने सांगितल्याप्रमाणे त्याने आपली तबकडी पुसली, नवी कार्यप्रणाली बसविली आणि शेवटी स्वतःला पुन्हा सुरू केले. आदेश एका खेपेपुरता असेल तर आता ते आपल्या तबकडीवरून जागे होईल आणि कामाला लागेल. आदेश स्थायी असेल आणि मध्यवर्ती संगणकावरील सूचनाही बदललेली नसेल, तर ते पुन्हा जाळ्याकडे जाईल, पुन्हा तबकडी पुसेल, पुन्हा कार्यप्रणाली बसवील. हे चक्र थांबणार नाही. याहून वाईट प्रकार असा की, बसवणीच्या वेळी तंत्रज्ञाने हाताने ते चक्र थांबविले, पण स्थायी आदेश आणि जुनी सूचना तशीच राहून गेली. काही महिने यंत्र उत्तम चालते, त्यावर मोलाची माहिती साठते. एके रात्री वीज जाते आणि परत येते. यंत्र जागे होते, जुना आदेश पाळते आणि सारी माहिती पुसून टाकते. यंत्राने काहीच चूक केलेली नसते. त्याने फक्त आज्ञापालन केलेले असते.

कालव्याच्या पाण्याची पाळी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे सहज पटेल. पाटकऱ्याने एका शेतासाठी चारीचे दार उघडले आणि पाळी संपल्यावर ते लावले नाही, तर पाणी वाहतच राहते. उद्या त्या शेतात पीक काढून ठेवलेले आहे, हे पाण्याला कळत नाही.

हा धोका मानके करणाऱ्यांनी ओळखला होता. आयपीएमआय मानकानुसार असा आदेश सामान्यतः पुढच्या एकाच खेपेपुरता असतो. तो कायम ठेवावयाचा असेल तर तसे मुद्दाम सांगावे लागते. एवढेच नव्हे, तर आदेश दिल्यानंतर साधारण साठ सेकंदांत यंत्र पुन्हा सुरू करण्याची आज्ञा आली नाही, तर तो आपोआप रद्दही होऊ शकतो. दिलेला आणि विसरलेला आदेश तसाच पडून राहू नये, हा त्यामागील हेतू. रेडफिशमध्ये 'नाही', 'एकदा' आणि 'सतत' अशा तीन स्पष्ट अवस्था ठेवल्या आहेत. नव्या यंत्रांतील 'यूईएफआय' या प्रारंभ-व्यवस्थेत 'बूटनेक्स्ट' नावाची नोंद असते. तिची रचना तर मनन करण्याजोगी आहे. ही नोंद वाचल्यावर आणि तिच्याप्रमाणे पुढच्या साधनाच्या हाती सूत्रे देण्यापूर्वी, यंत्र ती नोंद स्वतःच पुसून टाकते. काम यशस्वी झाले किंवा फसले तरी आदेश संपलेला असतो. फसलेल्या कामात यंत्र पुनःपुन्हा अडकू नये, म्हणून ही योजना.

काही ठिकाणी याच्या उलट पद्धतही असते. तेथे सर्व यंत्रे नेहमी जाळ्याकडेच विचारणा करतात आणि मध्यवर्ती संगणक त्यांना 'आज आपल्या तबकडीवरूनच चाल' असे सांगतो. निर्णय दाराशी न होता कचेरीत होतो. ही पद्धत चुकीची नाही. मात्र तीत मध्यवर्ती संगणकावरील नोंदवही अचूक असावी लागते, आणि तो संगणक बंद पडला तर सर्वांचाच खोळंबा होतो. कोणतीही पद्धत स्वीकारा. निर्णय कोठे होतो हे सर्व संबंधितांना ठाऊक असले पाहिजे.

आदेशाआधी आणि आदेशानंतर

दक्ष तंत्रज्ञ हे काम कसे करतो ते पाहण्यासारखे आहे. तो प्रथम यंत्रास नवे काम देणे थांबवितो आणि हातातले काम संपू देतो. मग सध्या काय ठरले आहे ते यंत्राला विचारतो. त्यानंतर पुढच्या खेपेपुरती वाट ठरवितो. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. वाट ठरविल्याने यंत्र पुन्हा सुरू होत नाही. ती स्वतंत्र आज्ञा आहे आणि ती वेळेत द्यावी लागते. यंत्र उठू लागले की देखरेख-नियंत्रकाच्या मार्गाने त्याचा पडदा दुरून पाहता येतो. तो पाहिल्याखेरीज काम झाले असे दक्ष माणूस म्हणत नाही.

'आदेश स्वीकारला' हे उत्तर आणि 'आदेश पाळला गेला' ही वस्तुस्थिती, या दोन गोष्टी भिन्न आहेत. जुन्या पद्धतीचा आदेश यूईएफआय पद्धतीने चालणाऱ्या यंत्राला दिला, तर नियंत्रक तो मुकाट्याने स्वीकारतो, पण यंत्र भलत्याच वाटेने किंवा नेहमीच्याच वाटेने जागे होऊ शकते. निरनिराळ्या उत्पादकांची यंत्रे मानक सारख्याच काटेकोरपणे पाळतात असेही नाही. म्हणून पडताळणी हा कामाचाच भाग मानला पाहिजे. शेकडो यंत्रे एकाच क्षणी उठविणेही इष्ट नाही. जाळ्यावरून धारिका देण्याची जुनी 'टीएफटीपी' पद्धत मुळात ५१२ बाइटांचा एकेक घास देते आणि पोच मिळाल्यावरच पुढचा देते. सारी यंत्रे एकदम मागू लागली तर देणारा संगणक थकतो आणि काही यंत्रे वाट पाहून सोडून देतात. टप्प्याटप्प्याने उठविणे हेच शहाणपणाचे.

सर्वांत मोठी दक्षता पत्त्याची. आज्ञा एकाच यंत्रासाठी लिहिता येते, तशी एक ते सोळाशे या सर्व यंत्रांसाठीही एकाच ओळीत लिहिता येते. दोन्ही लिहिण्यास श्रम सारखेच लागतात. परिणाम मात्र सारखा नसतो. अमेरिकेत अटलांटा येथील एमरी विद्यापीठात मे २०१४ मध्ये घडलेला प्रसंग या संदर्भात जगभर सांगितला जातो. तेथे मध्यवर्ती व्यवस्थेतून विंडोज कार्यप्रणाली नव्याने बसविण्याचा आदेश चुकून विद्यापीठातील सर्व विंडोज यंत्रांकडे गेला. मेजावरील संगणक, हातातील संगणक आणि सर्व्हरही त्यात आले. चूक ध्यानात येईपर्यंत आदेश देणारा मध्यवर्ती सर्व्हरच स्वतःचा आदेश पाळून पुसला जाऊ लागला होता. तेथील साधन वेगळे होते, पण धोक्याचा प्रकार हाच. दुरून दिलेल्या आदेशाला हाताचा अडथळा नसतो. एका दालनातून दुसऱ्या दालनात चालत जाताना माणसाला जो विचार सुचतो, त्यासाठी येथे वेळच मिळत नाही. तो वेळ नियमाने निर्माण करावा लागतो.

किल्ली कोणाकडे?

अखेरीस प्रश्न उरतो तो अधिकाराचा. जो माणूस यंत्राला कोठून जागे व्हावे हे सांगू शकतो, तो त्याला आपल्या मनातील कार्यप्रणालीवरून जागे करू शकतो. मग आतल्या कुलपांचा फारसा उपयोग उरत नाही. रखवालदारच परक्याचा झाला तर दाराची कडी कोणाच्या कामाची?

जुलै २०१३ मध्ये अमेरिकेच्या शासकीय संगणक-सुरक्षा पथकाने आयपीएमआयच्या धोक्यांविषयी जाहीर इशारा दिला. या मानकाच्या दुसऱ्या आवृत्तीत ओळख पटविण्याच्या रीतीतच एक उणीव आहे. विचारणाऱ्याला परवलीच्या शब्दाचे सांकेतिक रूप आधीच मिळते आणि तो आपल्या सवडीने मूळ शब्द शोधीत बसू शकतो. जून २०२५ मध्ये त्याच देशाच्या 'सिसा' या यंत्रणेने एएमआय कंपनीच्या 'मेगारॅक' या नियंत्रक-प्रणालीतील एका दोषाचा समावेश, ज्यांचा प्रत्यक्ष गैरवापर होत आहे अशा दोषांच्या यादीत केला. त्या दोषामुळे परवलीचा शब्द नसतानाही नियंत्रकाचा ताबा घेता येत असे.

यावरील उपाय खर्चाचे नाहीत, शिस्तीचे आहेत. नियंत्रकांचे जाळे वेगळे ठेवावे आणि ते बाहेरच्या महाजालाला थेट जोडू नये. कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द पहिल्याच दिवशी बदलावा. नियंत्रकाच्या आज्ञावलीतील सुधारणा वेळच्या वेळी बसवाव्यात. प्रत्येक तंत्रज्ञाला स्वतंत्र नाव द्यावे, म्हणजे कोणता आदेश कोणी आणि केव्हा दिला याची नोंद राहील. एकाच सामाईक शब्दावर दहाजण काम करीत असतील, तर चूक झाल्यावर कोणालाच विचारता येत नाही.

आपल्यापैकी बहुतेकांना असा आदेश स्वतः कधी द्यावा लागणार नाही. परंतु अशी सेवा विकत घेणारे अधिकारी येथे आहेत, ती वापरणारे पंचायत सदस्य आहेत आणि उद्याचे तंत्रज्ञ घडविणारे शिक्षक आहेत. सेवा पुरविणाऱ्याला चार साधे प्रश्न विचारण्यासाठी अभियंता असावे लागत नाही. आमची माहिती ज्या यंत्रांवर आहे, त्यांना दुरून जागे करण्याचा अधिकार कोणाकडे आहे? दिलेला आदेश एका खेपेनंतर आपोआप संपतो काय? तो पाळला गेला हे कोण पाहतो? आणि यंत्र चुकून पुसले गेलेच, तर माहितीची दुसरी प्रत कोठे आहे? या चार प्रश्नांची लेखी उत्तरे ज्या कार्यालयाच्या धारिकेत असतील, त्या कार्यालयाला रात्री वीज जाऊन परत आल्यावर सकाळी काय पाहावे लागेल याची धास्ती बाळगण्याचे कारण राहणार नाही.